एकच चित्र, निराळे तिकीट

आपल्यापुढे पोस्टाची दोन तिकिटे ठेवली आहेत अशी कल्पना करा. दोन्ही काळ्या शाईची, दोन्हींवर जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा, आणि दोन्हींच्या खालच्या कोपऱ्यांत दहा आकडा दाखवणारा रोमन ‘एक्स’. कडाही दोन्हींच्या साध्याच, कात्रीने कापलेल्या. कोणालाही विचारले तर तो म्हणेल, ही एकाच तिकिटाची जोडी आहे. पण यांतले एक १८४७ साली न्यूयॉर्कला छापलेले, अमेरिकेच्या केंद्रीय टपालखात्याच्या अगदी पहिल्या दोन तिकिटांपैकी आहे. दुसरे त्यानंतर २८ वर्षांनी, १८७५ साली, सरकारनेच नक्कल म्हणून छापून घेतलेले आहे. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील शताब्दी प्रदर्शनाच्या निमित्ताने जुनी तिकिटे लोकांना दाखवावीत असे ठरले, पण छापावयाला जुने साहित्य हाताशी नव्हते. म्हणून नवा ठसा कोरून घेतला. पहिले तिकीट पत्रावर चालत होते, दुसरे टपालाला कधीच चालले नाही.

आता ही दोन ओळखावयाची कशी? चेहऱ्याकडे बघून नव्हे. तेथे आपला डोळा फसतो, कारण तो वॉशिंग्टनला बघतो, तिकिटाला बघत नाही. बघावयाचे ते कोटाच्या कडेकडे. अस्सल तिकिटात कोटाची डाव्या बाजूची रेघ खालच्या ‘टेन’ या शब्दातल्या ‘टी’ अक्षराकडे रोखलेली असते, आणि उजवीकडची रेघ ‘सेंट्स’ या शब्दातल्या ‘टी’ व ‘एस’ या अक्षरांच्या मधोमध येते. नकलेत डावी रेघ ‘एक्स’च्या उजव्या टोकाकडे जाते, आणि उजवी रेघ ‘एस’च्या बरोबर मध्यावर येते. हे कळल्यावर मग चेहऱ्याकडे वळा. नकलेतले डोळे जरा झोपाळलेले, ओठांची रेघ अधिक सरळ, आणि डाव्या गालाजवळच्या केसांच्या वळणात एक ठसठशीत काळा ठिपका. अस्सलात तो ठिपका पुसटसा असतो.

या जोडीतले दुसरे तिकीट पाच सेंटांचे, तपकिरी, बेंजामिन फ्रँकलिनचे. अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र ३०० मैलांच्या आत जावयाचे असेल तर पाच सेंट, त्यापलीकडे दहा, असा तेव्हा हिशेब होता. फ्रँकलिनच्या गळ्याशी सदऱ्याची पांढरी झालर आहे. तिची डावी कड अस्सल तिकिटात लंबगोल चौकटीला जेथे टेकते ती जागा ‘फाइव्ह’च्या ‘एफ’ अक्षराच्या माथ्याशी समपातळीत असते. नकलेत तीच कड ५ या आकड्याच्या माथ्याच्या पातळीवर टेकते. केवढासा हा फरक! पण कोरणाऱ्याचा हात दुसरा, म्हणून झालर दुसरीकडे गेली. चित्र कितीही हुबेहूब उतरवले तरी दोन रेघांमधले अंतर हुबेहूब उतरत नाही, आणि ओळखणारा माणूस अंतरेच बघतो.

येथे थोडे थांबून ही तिकिटे तयार कशी होत ते समजून घेऊ. कारण ते कळल्यावाचून पुढचे काहीच कळणार नाही. प्रथम मऊ पोलादाच्या तुकड्यावर कारागीर एकच चित्र उलटे कोरतो. हा मूळ ठसा. तो तापवून टणक करतात. मग त्यावरून मऊ पोलादाचा एक रूळ प्रचंड दाबाने फिरवतात, म्हणजे चित्र रुळावर उठून येते. तो रूळही टणक करतात, आणि मोठ्या सपाट पट्टीवर तो एकेका जागी दाबत जातात. दोनशे जागी दाबला की दोनशे तिकिटांची छापपट्टी तयार. आपल्याकडे कापडावर बुट्टे उठवणारा छिपा एकच ठोकळा पुन्हा पुन्हा मारीत जातो, तसाच हा प्रकार. आणि छिप्याचा ठोकळा जसा एखाद्या ठिकाणी कमी दाबला जातो, एखाद्या ठिकाणी तिरपा बसतो, तसेच येथेही व्हावयाचे. फरक इतकाच की येथे चूक पोलादात उतरे, आणि त्या जागेवरून छापल्या जाणाऱ्या प्रत्येक तिकिटावर जशीच्या तशी उमटे.

याचे सर्वांत सुरस उदाहरण म्हणजे १८५१ चे एक सेंटाचे निळे तिकीट. त्या वर्षी १ जुलैपासून टपालाचे दर उतरले. पैसे आगाऊ भरल्यास साधे पत्र तीन सेंटांत ३००० मैलांपर्यंत जाऊ लागले. तिकिटांचा खप वाढणार हे उघड होते. फिलाडेल्फियाच्या टॉपन, कार्पेंटर, कॅसिलियर आणि कंपनीकडे काम गेले. एक सेंटाच्या तिकिटावर फ्रँकलिनच्या चित्राभोवती चारी बाजूंनी सुंदर वेलबुट्टी होती, आणि खाली तिची टोके वळून त्यांचे छोटे छोटे मणी झाले होते. पण पट्टीवर दोनशे तिकिटे दाटीवाटीने बसवावयाची, तेव्हा एकाची वेल दुसऱ्याच्या अंगावर जाऊ लागली. मग कारागिरांनी कोठे रुळावरची कड घासली, तर कोठे पट्टीवरचा भाग खोडून टाकला. परिणाम असा झाला की मूळ ठशात होती तशी संपूर्ण वेलबुट्टी, करवती कडा येण्यापूर्वीच्या काळात, फक्त एकाच जागी शिल्लक राहिली. पहिल्या पट्टीच्या पहिल्या अवस्थेत, उजव्या शंभरांतल्या सातव्या तिकिटावर! दोनशेंत एक, आणि तेही पट्टीची दुरुस्ती होईपर्यंतच.

बाकीच्यांचे प्रकार पाडले आहेत ते असे. खालचे मणी आणि तुऱ्यांची बुडे गेली, पण वरच्या व खालच्या मजकुराबाहेरच्या कमानदार रेघा अखंड राहिल्या, तर तो दुसरा प्रकार. त्या कमानी वर आणि खाली दोन्हीकडे मध्यभागी तुटल्या असतील तर तिसरा. पट्टी दुरुस्त करताना त्या रेघा पुन्हा हाताने कोरल्या असतील तर चौथा. १८५७ नंतरच्या नव्या पट्ट्यांत बाजूची वेलही थोडी छाटली गेली, तो पाचवा. म्हणजे ज्याला आपण प्रकार म्हणतो तो कोणी योजून काढलेला नव्हे. जागा पुरेना म्हणून केलेली ती काटछाट आहे. पण आज त्या काटछाटीवरून तिकीट केव्हाचे, कोणत्या पट्टीवरचे, हे सांगता येते.

तीन सेंटांच्या तांबड्या तिकिटाची गोष्ट तर याहूनही विलक्षण. त्याच्या चौकटीच्या रेघा पट्टीवर फिक्या उमटल्या, म्हणून कारागिरांनी त्या एकेका जागी हाताने पुन्हा ओढल्या. हाताने ओढलेल्या दोन रेघा कधी सारख्या आल्या आहेत का? शिक्षकांना हे सांगावयाला नको. चाळीस मुलांच्या पाट्यांवरचा एकच ‘क’ ते न बघता ओळखतात. कॅरोल चेस नावाच्या एका डॉक्टरने हीच दृष्टी या तिकिटांना लावली. नऊ पट्ट्या, दुरुस्त्या धरून त्यांच्या तेरा अवस्था, प्रत्येकीवर दोनशे जागा, अशा २६०० जागा त्यांनी रेघांच्या फरकावरून वेगळ्या केल्या आणि १९२९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. सुटे तिकीट हातात घेऊन ते अमुक पट्टीवरचे, अमुक रांगेतले, असे सांगावयाचे, म्हणजे एका दाण्यावरून कणसातली त्याची जागा सांगण्यासारखे आहे.

येथे मला माझ्या एका मूर्खपणाची कबुली दिली पाहिजे, कारण ती ऐकून कोणी तरी सावध होईल. कॉलेजात शिकत असताना पुण्याच्या जुन्या बाजारात मला रद्दीच्या एका गठ्ठ्यात घडी करून पाठवलेले एक अमेरिकन पत्र मिळाले. आपल्याकडे अमेरिकन मिशनरी मुंबईस १८१३ पासून आणि अहमदनगरास १८३१ पासून होते. तेव्हा असा एखादा कागद इकडे येऊन पडणे अशक्य नव्हे. पत्रावर तीन सेंटांचे तपकिरी झाक असलेले तिकीट होते. मला हवे होते तिकीट. मी पत्र पाण्यात घातले, तिकीट सोडवले, कागदाचा लगदा झाला तो टाकून दिला. एवढ्यावर थांबलो नाही. तिकिटाची डावी कड वेडीवाकडी दिसत होती, म्हणून कात्रीने ती ‘नीट’ केली आणि वहीत चिकटवले.

पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आले की १८५१ च्या पहिल्या काही महिन्यांतली तीन सेंटांची तिकिटे नारिंगी तपकिरी छटेत छापलेली असून त्यांना वेगळे स्थान आहे. पुढच्या वर्षांतली तिकिटे तांबडी. पण तांबड्या शाईचेही एक दुखणे आहे. हवेतल्या गंधकाच्या वायूने ती काळवंडते आणि तपकिरी दिसू लागते. मग माझे तिकीट मुळातच तपकिरी, की तांबड्याचे तपकिरी झालेले? त्या काळच्या टपालाच्या शिक्क्यात बहुधा साल नसे, महिना आणि तारीख असे. साल होते ते आत, पत्र लिहिणाऱ्याच्या हातचे. ‘ऑगस्ट’ वाचल्याचे मला स्पष्ट आठवते. साल आठवत नाही. चेससाहेबांच्या पद्धतीने चौकटीच्या रेघांवरून पट्टी ओळखता आली असती, तर ती डावी रेघ मीच कापून टाकलेली! एका तिकिटाला साक्ष देणारे दोन साक्षीदार होते, आणि दोघांनाही मी माझ्या हाताने नाहीसे केले.

१८५७ साली तिकिटांना करवती कडा आल्या. तोवर कात्रीने कापावे लागे. आता भोकांच्या रांगेवरून ती सहज फाडता येऊ लागली. या कडा मोजण्याची रीत ठरलेली आहे. दोन सेंटिमीटर लांबीत किती भोके पडतात ते मोजावयाचे. १८५७ च्या तिकिटांत ती साडेपंधरा भरतात, १८६१ पासूनच्या तिकिटांत बारा. आता लबाडी कोठे होते ते बघा. एखाद्या तिकिटाचा साध्या कडेचा प्रकार महाग आणि करवती कडेचा स्वस्त असला की दाते कापून साधी कड करणारे लोक निघतात. म्हणून साध्या कडेचे तिकीट घेताना चारी बाजूंस मोकळा कागद भरपूर आहे ना, हे आधी पाहावे. चित्राला घासून कापलेले तिकीट, ते कोणीही दिले तरी, संशयितच समजावे.

१८६१ ला यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांतल्या टपाल कचेऱ्यांत तिकिटांचे मोठे साठे पडून होते. ती तिकिटे विकून शत्रूने पैसा उभा करू नये, म्हणून वॉशिंग्टनच्या सरकारने जुनी सर्व तिकिटे रद्द ठरवली आणि नॅशनल बँक नोट कंपनीकडून नवी छापून घेतली. लोकांना थोड्या दिवसांच्या मुदतीत जुनी देऊन नवी घ्यावी लागली. या मालिकेतले तीन सेंटांचे गुलाबी तिकीट म्हणजे रंगाच्या भानगडीचा नमुना आहे. त्याची एक छटा आज दोन-चार डॉलरला मिळते, आणि तिच्याहून किंचित निराळी, पहिल्या छपाईतली गुलाबी छटा शेकडो डॉलरला. दिव्याच्या उजेडात रंग ठरवू नये. दिवसा, सावलीत, ओळखीच्या तिकिटाशेजारी ठेवून मगच बोलावे. माझे स्वतःचे मत विचाराल तर रंग हा शेवटचा पुरावा मानावा, पहिला कधीही मानू नये.

युद्धानंतर टपालखात्याला दुसरीच काळजी लागली. लोक वापरलेल्या तिकिटावरचा शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा चिकटवतील ही ती काळजी. त्यावर चार्ल्स स्टील यांनी १८६७ साली एका युक्तीचे पेटंट घेतले. तिकिटावर बारीक टोकदार मनोऱ्यांची जाळी दाबून कागदाचे तंतू फोडावयाचे, म्हणजे शिक्क्याची शाई आत मुरते आणि धुऊन निघत नाही. किसणीच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर जसे लागते तशी ती जाळी, फक्त फार सूक्ष्म. तिकीट उलटे करून तिरप्या उजेडात धरले तर दिसते. या जाळ्यांच्या आकारांना विल्यम स्टीव्हनसन या अभ्यासकाने पुढे अक्षरे दिली. ‘ए’ जाळी सबंध तिकीटभर पसरलेली. ‘सी’ सुमारे १३ मिलिमीटर रुंद आणि १६ उंच, ‘ई’ ११ आणि १३, ‘एफ’ ९ आणि १३. ‘झेड’ जाळी ११ आणि १४ची, आणि तिची खरी खूण अशी की बाकीच्या जाळ्यांत मनोऱ्यांचे माथे उभ्या कडेचे असतात, हिचे आडव्या कडेचे.

ही आडवी-उभी कड म्हणजे भिंगातून दिसणारी एक रेघ. पण एक सेंटाच्या निळ्या तिकिटावर ‘झेड’ जाळी असलेले दोनच नमुने ज्ञात आहेत. त्यांतला एक न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. दुसऱ्याच्या बदल्यात २००५ साली बिल ग्रोस या संग्राहकाने उलट्या विमानाच्या सुप्रसिद्ध तिकिटांचा चौकडा दिला, आणि २०२४ साली लिलावात त्याला ४० लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. जाळी नसलेले तेच तिकीट आपल्या आवाक्यातले आहे. साहजिकच खोट्या जाळ्या दाबणारे पुष्कळ झाले. म्हणून नुसती जाळी दिसली म्हणजे झाले असे नव्हे. टोकांच्या ओळी मोजाव्यात, लांबी-रुंदी मोजावी, आणि तरीही जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

१८७० पासूनचा काळ शिक्षकांच्या विशेष उपयोगाचा. एक तर या काळातली तीन सेंटांची हिरवी तिकिटे मुबलक आणि स्वस्त आहेत. दुसरे असे की तेच चित्र एकामागून एक तीन कंपन्यांनी छापले. १८७० साली नॅशनल, १८७३ पासून कॉन्टिनेन्टल, १८७९ पासून अमेरिकन. कॉन्टिनेन्टल कंपनीने आपले काम वेगळे ओळखू यावे म्हणून ठशांवर बारीकशा गुप्त खुणा केल्या. एक सेंटाच्या तिकिटात १ आकड्याच्या डावीकडच्या मोत्यात एक लहानशी चंद्रकोर आहे. तीन सेंटांत डाव्या फितीच्या वरच्या शेपटाखालची छाया अधिक गडद केलेली आहे. दहा सेंटांत वरच्या पट्टीच्या उजव्या टोकाच्या वळणात अर्धवर्तुळ. बारा सेंटांत २ आकड्याचे गोळे चंद्रकोरीसारखे झालेले. पंधरा सेंटांत वरच्या डाव्या त्रिकोणात दोन रेघा जाड करून ‘व्ही’ अक्षर साधले आहे. साधे भिंग असले की वर्गातला कोणताही मुलगा हे शोधू शकतो, आणि सापडल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

अमेरिकन कंपनीने तर तेच खुणांचे ठसे वापरले. मग तिचे तिकीट ओळखावयाचे कशावरून? कागदावरून! आधीच्या दोघींचा कागद टणक, हिचा मऊ आणि सच्छिद्र. उजेडासमोर धरले तर टणक कागद सलग दिसतो, मऊ कागद ढगाळ. आणखी एक रीत आहे, ती कानाने करावयाची. चिमट्याने तिकीट एका कोपऱ्याला हलकेच धरावे आणि कानाजवळ नेऊन बोटाने टिचकी द्यावी. टणक कागद कोऱ्या नोटेसारखा टणटणतो, मऊ कागदाचा आवाज सादळलेल्या पापडासारखा बसका येतो. दोन-चार तिकिटांवर सराव केला की कान तयार होतो. मात्र नाजूक किंवा फाटके तिकीट असेल तर हा प्रयोग करू नये.

१८९४ साली छपाईचे काम सरकारच्या स्वतःच्या छापखान्याकडे आले आणि वरच्या दोन कोपऱ्यांत छोटे त्रिकोण बसवले गेले. दोन सेंटांच्या तांबड्या वॉशिंग्टनवर हे त्रिकोण तीन प्रकारचे आहेत. मागच्या आडव्या रेघा त्रिकोणाच्या चौकटीतून तशाच जाड जात असतील तर पहिला. जातात, पण चौकटीच्या आत बारीक होतात, तर दुसरा. चौकटीच्या दुहेरी रेघांना त्या ओलांडतच नाहीत, तर तिसरा. तिसरा ढिगाने मिळतो, आणि म्हणूनच शिकावयाला तो उत्तम. अशी पन्नासेक तिकिटे मुलांपुढे टाकून ‘यातले वेगळे काढा’ एवढेच सांगा. १८९५ पासून कागदात जलचिन्ह आले, तेही काही तिकिटांत उजेडावर धरल्यास दिसते.

साहित्य फारसे लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, बोथट टोकांचा चिमटा. तिकिटे डिंकाने किंवा खळीने वहीत चिकटवू नयेत. मागची बाजू ही पुढच्या बाजूइतकीच वाचावयाची असते. आणि घरातल्या पेटीत, देवळाच्या किंवा वाड्याच्या जुन्या दप्तरात तिकिटासकट एखादे पाकीट सापडले, मग ते अमेरिकेचे असो की आपल्याकडचे, तर ते सबंध ठेवावे. पाण्यात घालू नये, कापू नये, वरची धूळसुद्धा जपून झाडावी. आत पत्र असेल तर त्यावरचे साल निराळ्या कागदावर लिहून पाकिटाबरोबर ठेवावे. माझ्या वहीतले ते तपकिरी तिकीट अजून आहे. त्याच्याखाली मी पेन्सिलीने ‘१८५१?’ असे लिहिले आहे, आणि ते प्रश्नचिन्ह आता कोणालाच काढता यावयाचे नाही.